कॉट हलवायची नाही

ये गं, जवळ सरक. कागदातून हाक मारतेय म्हणून काय झालं, ऐकू तर येतंय ना? फोनवर तुला सवड नसते. "आजी, फ्लॅट घेतला, फर्निचरसकट मिळाला, सोफा, बेड, कपाटं सगळं घासाघीस करून निम्म्यात पाडलं," एवढं सांगितलंस आणि ठेवून दिलास. अगं शहाणे, ते लोक सगळं सोडून का गेले, त्या बेडवर कोण झोपत होतं, एवढं तरी विचारावं की नाही? आजकाल तुम्ही नळाची तोटी फिरवून बघता, लाइट लावून बघता, माणसाला मात्र काही विचारत नाही. रागवत नाही गं मी. रागवून तू कुठं ऐकणार आहेस.

पण मलाही एकदा सामानासकट घर मिळालं होतं. त्यातली एक वस्तू अजून माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. लहानपणी सुट्टीला आलीस तेव्हा मी तुला त्या लोखंडी कॉटवरून उठवून आत निजवलं होतं. रडलीस, भाऊ हसला म्हणून जास्तच रडलीस. का उठवलं ते तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

शहाण्णव साल असेल. तोवर आमचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत. कोल्हापुरात खोली बघायला गेलं की मालकीण आधी चहाचं विचारायची, मग आडनाव विचारायची, आणि आडनाव सांगितलं की तिला आठवायचं, खोली तर कालच दुसऱ्यानं ठरवलीय. चहा तेवढा यायचा राहायचा. असं होता होता मी पक्कं ठरवलं होतं, दोनच खोल्या असू देत, पण स्वतःच्या. कुठं खिळा ठोकायचा ते मी ठरवणार. पातेली कुठल्या फळीवर, चूल कुठल्या तोंडानं, बाहेरच्या खोलीत काय असेल नि काय नसेल, सगळं मी. तुझे आजोबा पाणीपुरवठ्याकडं नोकरीला. त्यांना अख्ख्या शहराच्या जमिनीखाली कुठं कुठली पाइप आहे ते माहीत, पण जमिनीच्या वर आपलं म्हणून एक विटेचं बांधकाम नव्हतं.

तर फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की हे घर. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि एक पेरूचं झाड. घर एका विधवा बाईचं. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. नवऱ्यानं घर त्यांच्याच नावानं बांधलेलं. तो वारला, आणि आता त्या मुलीकडं, गडहिंग्लजला, राहायला जाणार होत्या. व्यवहाराचं सगळं जावई बघत होता. उंच, टोपीवाला, खांद्यावर टॉवेल. जनावरांच्या बाजारात दलाली करायचा, त्यामुळं बोलणं सगळं बाजारातलं.

आडनाव ऐकल्यावर तो जरा थांबला होता, हे मी बघितलं. पण आक्काच आतून म्हणाल्या, "पावणं, आत या की. उंबऱ्यावर काय घर बघायचं असतंय?" आणि चहा आला. कपबशीत, त्यांच्या रोजच्या. मी तिथंच ठरवलं, घर हेच.

घराची किंमत ठरली ती एका बैठकीत. भांडण झालं ते सामानावर.

जावई म्हणाला, "सामान आता गडहिंग्लजला न्यायचं म्हंजे टेंपोच खाऊन टाकतोय सगळं. तुम्हीच घ्या. हे आरशाचं कपाट बघा. सागवान हाय. वाजवून बघा."

आजोबा म्हणाले, "वाजवायला काय ढोल हाय?"

"ढोलापेक्षा खणखणीत हाय. बोला."

आणि बोला म्हणून त्यानं काय केलं असेल? खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि तो हात आजोबांच्या पुढं केला. बाजारात म्हणे असाच भाव करतात. टॉवेलाखाली बोटं धरायची, अमुक बोट म्हणजे अमुक आकडा, शेजारच्याला कळता कामा नये. आजोबांना वाटलं व्यवहार ठरला, हात मिळवतोय. त्यांनी आत हात घालून त्याचा सगळा पंजा घट्ट दाबला. जावयाचे डोळे एवढाले झाले. "सगळा पंजा? पावणं, बैलजोडी घेतलासा काय?" आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटतं त्यांना हसताना मी तेवढंच बघितलं.

मग टॉवेल बाजूला ठेवून माणसासारखं बोलणं झालं. कपाट घेतलं. टेबल नको म्हटलं, त्याचा एक पाय विटेवर होता. स्वयंपाकघरातली मांडणी मला पाहिजेच होती, पण मी तोंडावर दाखवत नव्हते. आक्का म्हणाल्या, "घेऊन टाक बाई. तिचे खिळे भिंतीत मुरल्यात. ती काढली तर भिंत संगट येईल." देवाचा कोनाडा होता. देव त्या नेणारच होत्या. विचारलं त्यांनी, "तुमच्यात हितं कोण बसवणार?" मी म्हटलं, "बुद्ध." त्या जरा बघत राहिल्या कोनाड्याकडं आणि म्हणाल्या, "बसवा. शांत हाय त्यो. घरात एक तर शांत माणूस पायजेच."

असं एकेक करत आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. दारातून आत आलं की डाव्या हाताला, भिंतीला टेकून, एक लोखंडी कॉट. पाइपची, हिरव्या रंगाची, रंग ठिकठिकाणी उडालेला. तिचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळं जरा धक्का लागला की ती भिंतीवर ठण्‌ करून वाजायची. खोली केवढी, आणि त्यात अर्धी जागा त्या कॉटची. मी मनातल्या मनात ती कधीच भंगारवाल्याला दिली होती. तिथं दोन खुर्च्या, मधे तिपाई, खिडकीला पडदा, असं सगळं मी मांडून बसले होते.

जावई म्हणाला, "ही कॉट. लोखंड हाय, मरणाचं वजन. काय तरी देऊन टाका."

आजोबा म्हणाले, "ही आम्हाला नको."

"मग भंगारात घालतो."

तोवर आक्का त्या कॉटवर बसलेल्या होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, "ती भंगारात न्हाय जायाची. आणि गडहिंग्लजला बी न्हाय."

"मग कुठं न्यायची, आत्ती? डोसक्यावर?"

"न्यायचीच न्हाय. हितंच ऱ्हाऊ दे. पैसं नगंत मला तिचं. पर हलवायची न्हाय."

जावयानं आमच्याकडं बघितलं, छताकडं बघितलं आणि विडी ओढायला बाहेर गेला. माणूस वाईट नव्हता. हे बोलणं त्यानं पुष्कळदा ऐकलेलं असणार.

आम्ही बघायला यायला लागलो तेव्हा मी त्याला विचारलं होतं, आक्कांना मुलगा नाही का? तो म्हणाला होता, "मेव्हणा हाय की. बाहेर असतोय." मी म्हटलं, बाहेर म्हणजे कुठं? तर म्हणाला, "बाहेर." मला वाटलं दुबईला बिबईला असेल.

आता आक्कांनी मला शेजारी बसायला सांगितलं. कॉटवरच. बसले तशी ती ठण्‌ करून वाजली. आक्का म्हणाल्या, "हां. असंच वाजायचं त्यो आल्यावर."

मुलगा फौंड्रीत कामाला. दुसरी पाळी असली की यायला फार उशीर व्हायचा. बापाला दम्याचा त्रास, झोप मुश्किलीनं लागायची, म्हणून पोरगा लाइट लावायचा नाही. खिडकीच्या गजातून हात घालून आतून दाराची कडी काढायचा, चपला बाहेर, आणि अंधारातच चाचपडत यायचा. आधी दाराची चौकट, मग भिंत, मग हाताला कॉटची पाइप. पाइप लागली की गुडघा टेकून आडवा. त्या एका आवाजावर आक्कांना आत कळायचं, आला. मग त्या कूस बदलायच्या, ते त्याला बाहेर ऐकू जायचं.

"एक दिवस पाळीला गेला," आक्का म्हणाल्या, "त्यो फौंड्रीत पोचलाच न्हाय."

मी विचारलं, "काही भांडण?"

"भांडण न्हाय, तंटा न्हाय. कालवण आवडलं म्हणून परत मागून घेतलं. डबा भरून दिला, डबा घेऊन गेला." मग माझ्याकडं वळून, जसं काही मी नाही म्हटलं होतं, "डबा घेऊन गेलेला माणूस येतोच की गं. जायचंच असतं तर डबा कशाला न्हेला असता?"

पोलिसात देऊन झालं, मिरजेपर्यंत दवाखाने बघून झाले, कुणी सांगितलं कर्नाटकात हॉटेलात बघितला, तिकडं जाऊन झालं. बाप त्यातच गेला.

"मी हितनं जाणार," त्या म्हणाल्या. "माझा इलाज न्हाय. पर त्यो काय दिवसाउजेडी नाव विचारत येणार न्हाय. येईल तसाच येईल, अंधारात. चाचपत येईल. हाताला कॉट लागली न्हाय तर त्याला वाटंल, घर चुकलं. आणि माघारी जाईल."

त्यांनी विचारलं, "तुमच्यात शपथ कशाची घालतात?" मी म्हटलं, "आक्का, शपथ नाही घालत. शब्द देते." त्या म्हणाल्या, "दे मग." मी दिला. कॉट हलणार नाही. सबंध व्यवहारात मला एक पैसा न देता मिळालेली तेवढी एकच वस्तू, आणि तीच मला नको होती.

घरी परत निघालो. रस्त्यात आजोबा एवढंच म्हणाले, "म्हणजे घर आपलं आणि बाहेरची खोली त्यांच्या पोराची."

राहायला गेलो. पहिले काही दिवस मी त्या कॉटकडं पाठ करूनच वावरले. तिच्यावर ना कुणी झोपायचं, ना नीट बसायचं. धुतलेले कपडे घड्या घालायला तिच्यावर टाकायचे, ते सुद्धा संध्याकाळच्या आत उचलायचे. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पाहुणे आले की तिच्यावर टेकायचे, ठण्‌ आवाज झाला की दचकायचे. एकदा ह्यांच्या साहेबांची बायको आली होती, म्हणाली, "अहो, हे जुनं काढून दिवाण का करून घेत नाही?" मी म्हटलं, "करायचाय." किती वर्षं मी तेच उत्तर दिलं असेल.

आम्ही भूतखेत मानत नाही. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली घरातले देवांचे सगळे टाक, सगळे अंगारे-धुपारे बाहेर काढले, त्या घरात मी वाढले. पण हे काही भूत नव्हतं गं. भूत मेलेल्याचं असतं. इथं मेलंय असं कुणी म्हणत नव्हतं. नुसती एक जागा होती, कुणीतरी यायची. भरल्या घरात एक ताट मांडून ठेवावं आणि जेवायला कुणी बसू नये, तसं. मी त्या कॉटवर चादर घालायला लागले. मग ती चादर आठवड्याला धुवायला लागले. माणूस नसलेल्या अंथरुणावर धूळ लवकर बसते, हे मला तेव्हा कळलं.

आणि खिडकी. दाराशेजारच्या खिडकीचं एक दार मी उघडं ठेवायचे, हात आत येईल एवढं. आजोबांच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाले, "चोराची चांगली सोय केलीस." मी म्हटलं, "चोर नेणार काय, कॉट?" ते हसले. पण खिडकी लावली नाही त्यांनी.

तो दिसायला कसा होता ते मला माहीत नव्हतं. फोटो आक्का घेऊन गेलेल्या. तरी शहरात गेले की उगाच माणसांची तोंडं बघायचे. बिंदू चौकात एखादा तिशीतला, पिशवी घेतलेला, वाट चुकल्यासारखा उभा असला की माझे पाय थांबायचे. ज्याला कधी बघितलं नाही त्याला ओळखायला बघत होते मी. आजोबांना नाही सांगितलं हे.

पुढं भारनियमनाची वर्षं आली. तुला आठवत नसेल, दिवेलागणीला लाइट जायची ती जेवणं होईपर्यंत. असंच एकदा, आजोबा ड्यूटीवर, आमची धाकटी क्लासला. मी आत गॅसच्या उजेडात भाकऱ्या करत होते. तवा तापलेला, भाकरी हातावर. आणि बाहेरच्या खोलीत, ठण्‌.

मी म्हटलं, "आलासा काय?" मला वाटलं आजोबाच. उत्तर नाही. धाकटीला हाक मारली. उत्तर नाही. भाकरी तशीच परातीत टाकली, मेणबत्ती घेतली आणि बाहेर आले. कुणी नाही. दार नुसतं लोटलेलं, ते तसंच. खिडकीचं दार मात्र सताड उघडं. वारा असेल. रस्त्यावर बघितलं, सगळी गल्ली काळी, कुणाच्या तरी सायकलीची घंटी लांब गेली.

मेणबत्ती कॉटजवळ नेली. चादर एका कोपऱ्याला चुरगळलेली होती, माणूस टेकून उठल्यासारखी. आता मांजर असेल म्हण. मीही तेच म्हटलं. पण मांजर बसलं तर केस राहतात, आणि मी मेणबत्ती धरून सगळी चादर बघितली. आत येऊन बघते तर भाकरी वाळली होती. ती मी कुणाला वाढली नाही, आणि टाकवलीही नाही. नुसती ठेवून दिली शिंक्यावर.

हे झालं, आणि त्याच वर्षी जावई आला. टेंपो घेऊन.

आता केस पिकलेले, टोपी तीच. मी चहा केला. तो कॉटवर बसला नाही, खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, "वैनी, कॉट न्यायला आलोय."

मी म्हटलं, "कशाला? आणि आता?"

तर म्हणाला, त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न जमेना. तीन-चार ठिकाणी ठरता ठरता मोडलं. पत्रिका बघणाऱ्यानं सांगितलं, घराण्यातलं एक माणूस अडकलंय, त्याचं काही केलेलं नाही. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो गेला असं धरतात, दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालतात. आणि तेराव्याला त्याच्या नावानं कॉट, गादी, छत्री, चपला दान द्यायच्या. आमच्यात हे काही नसतं, त्यामुळं त्याला सगळं फोडून सांगावं लागलं.

मी म्हटलं, "मग नवी घ्या की बाजारातनं."

"नवी चालती, भटजींनी सांगटलंय. पर वापरातली असली तर सुटतोय म्हणं जीव. आणि वैनी, ही त्याचीच हाय."

"आक्का काय म्हणाल्या?"

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "त्या काय म्हणणार? म्हाताऱ्या झाल्या."

"त्यांनी सांगितलंय का, कॉट आणा म्हणून?"

"वैनी, तुमची खोली मोकळी हुतीय. काय पायजे ते सांगा. बदल्यात दिवाण देतो, नवा, गादीसकट. आणून पोच करतो." मग जरा आवाज चढवून, "इकत घेताना नगं म्हणत हुता की तुम्ही हीच कॉट!"

खरं होतं त्याचं. घर घेताना तो गळ्यात बांधत होता नि आम्ही नको म्हणत होतो. आता तो मागत होता, आणि मी दारात उभी राहून अडवत होते. दिवाण मला पाहिजे होता गं. इतकी वर्षं पाहिजे होता. आणि त्याच्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं, लग्नाची वाट बघत बसलेली. त्याचं काही चुकत नव्हतं. पण कॉट टेंपोत चढली की तो पोरगा मेला, एवढं मला स्वच्छ कळत होतं. आणि तो मेला हे ठरवणारी मी कोण?

मी म्हटलं, "पावणं, मी शब्द दिलाय तो आक्कांना. त्यांनी येऊन सांगावं, 'ने' म्हणून. मी स्वतः एका बाजूनं उचलीन."

मग उठला, टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई माणसाचा शब्द लई जड असतोय बगा." रागानं म्हणाला की कसं, ते मला अजून कळलेलं नाही. टेंपो मोकळाच गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, दारात आक्का. एकट्या. गडहिंग्लजहून एसटीनं आलेल्या, हातात कापडी पिशवी. इतक्या वाळल्या होत्या की मी आधी ओळखलंच नाही. म्हटलं, आल्या, आता 'ने' म्हणतील.

उंबऱ्यातच थांबल्या. डावा हात पुढं केला. चौकट, भिंत, मग पाइप. डोळे उघडे होते त्यांचे, ऊन होतं, सगळं दिसत होतं, तरी चाचपत आल्या. कॉटवर बसल्या, ती वाजली. म्हणाल्या, "हाय गं. हाय की जाग्यावर."

पाणी दिलं. जेवा म्हटलं तर नको म्हणाल्या. मी विचारलं, "आक्का, टेंपो कधी येणार आहे?"

"कसला टेंपो?"

"कॉट न्यायला."

त्या चादरीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "आज तिकडं त्याचे दिवस घालायल्यात. पुतळा केलाय. नवी कॉट आणलीया बाजारातनं. लेक म्हणाली, आई, तू बस समोर. मी म्हटलं, बसतो की. आणि मागल्या दारानं निघून एसटीत बसलो." मग माझ्याकडं बघून, "तिकडं त्यो मेलाय. म्हणून मी हिकडं आलो."

सगळी दुपार त्या बसून होत्या. मी आपली खाली लसूण सोलत बसले. सोलून झाला तरी सोलत होते. मग त्यांनी विचारलं, मला ठाऊक होतं विचारणार म्हणून. पडक्या आवाजात विचारलं, "आलता का गं?"

अगं, काय सांगायचं? नाही म्हणावं तर तिकडं दिवस घातलेले खरे होतात. हो म्हणावं तर मी कोण बघितला होता? मी जे झालं तेच सांगितलं. लाइट गेली होती, आवाज आला, बाहेर आले तर कुणी नव्हतं. चादर चुरगळली होती.

आक्कांनी एकच विचारलं. "खिडकी उघडी हुती?"

"होय."

"बघून गेला मग." आणि त्यांनी डोळे मिटले, शांतपणे. "कॉट लागली हाताला. घर चुकलं न्हाय. आतला आवाज दुसऱ्या बाईचा आला, म्हणून लाजून गेला असंल. लाजरा हुता."

"आलासा काय" असं मीच ओरडले होते ना आतून. ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला आजोबांनी त्यांना बसवून दिलं. परत आले ते कॉटजवळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "खिडकीची बिजागरी करकरतीय. तेल घालतो."

आक्का त्यानंतर फार नाही जगल्या. जावयाचा फोन आला. पोरीचं लग्न झाल्याचंही त्यानंच सांगितलं, त्याच फोनवर, आधी लग्नाचं आणि मग आक्कांचं. कॉटचं काही बोलला नाही. मला वाटलं, आता आजोबा म्हणतील, शब्द दिला ती गेली, आता काय. पण पुढं घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यानं कॉट ओढून मधल्या खोलीत ठेवली, तर आजोबा जेवण टाकून उठले. "आधी जागेवर लाव, मग दुसरा हात मार." आणि तिचे पाय फरशीवरच्या जुन्या डागांवर बरोबर बसतात का, ते वाकून बघत होते.

आता आजोबाही नाहीत. मी आहे आणि ती आहे. परवा मनात हिशेब करायला गेले आणि हबकले. माझ्या डोळ्यापुढं तो अजून पाळीवरून आलेला, काळ्या हातांचा पोरगाच आहे. पण आता असेल तर साठीकडं आलेला असणार. केस गेलेले, गुडघे दुखणारे. अंधारात चाचपत आला तर कॉट लागेल हाताला. पण आतून कूस बदलण्याचा आवाज मी करायचा. ते मला जमेल की नाही, याचीच आता काळजी वाटते. रात्री आवाज झाला की मी हाक मारत नाही आताशा. गप्प पडून राहते. लाजरा आहे ना तो.

तू ये गं. पुष्कळ दिवस झाले बघून. गगनबावड्याला फिरायला जाताना वरच्या वर जाऊ नकोस, वळ इकडं, मुक्कामालाच ये. कळवलं नाहीस तरी चालेल, भात काय दोन मिनिटांत होतो. फक्त अंधार पडायच्या आत ये. आणि उशीर झालाच, तर लांबून हाक मारत ये, मोठ्यानं, माझं नाव घेऊन. खिडकीतून हात घालून कडी मात्र काढू नकोस, माझ्या राणी.